माशांना काकडी, मटार, लसूण आणि बरंच काही: नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मासे पाळायला लागून दोन-तीन महिने झाले की डब्यातल्या दाण्यांचा कंटाळा माशांआधी माणसालाच येतो. मग कुणी सांगतं काकडी घाल, कुणी लसूण, कुणी चिमूटभर मीठ, कुणी बदामाचं पान, आणि एखादा महाभाग दारूचे दोन थेंबही सुचवतो. यातला एकही सल्ला निखालस खोटा नाही. दारूसुद्धा खरंच वापरतात, तिच्याकडे पुढे येतोच. अडचण अशी की कुठल्या माशासाठी, किती पाण्यात आणि कशासाठी, हे तिन्ही तपशील सल्ला पोचेपर्यंत वाटेत गळून गेलेले असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खाण्यात हवे तेवढे प्रयोग करा, पाण्यात शक्यतो करू नका. न आवडलेली काकडी चिमट्याने उचलून बाहेर काढता येते. विरघळलेला सोडा काढता येत नाही. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत: जे सहज मागे घेता येतं ते आधी, जे घेता येत नाही ते सगळ्यात शेवटी.

१. आधी टाकी बघा, मग खाऊ

टाकी बसवून चार-सहा आठवडे झाले नसतील तर इतक्यात यातलं काही करू नका. माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा बराच सौम्य. या जिवाणूंचं बस्तान बसायला साधारण तेवढा वेळ लागतो. थेंबांचं टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅमच्या) आत, जमल्यास २० च्या आसपास, असे आकडे सलग दोन आठवडे मिळाले की पुढे जा.

दुसरं काम म्हणजे टाकीत खरोखर किती पाणी आहे ते काढायचं. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्ही आकडे गुणा आणि हजाराने भागा. ६० लांब, ३० रुंद आणि ३० सेंटिमीटर पाणी असेल तर ५४ लिटर येतात. त्यातून खडी, दगड, लाकूड यांची जागा वजा केली की हातात ४५ च्या आसपास उरतात. विकताना जे लिटर सांगतात ते काठोकाठ भरलेल्या मोकळ्या टाकीचे असतात. खरा आकडा कागदावर लिहून टाकीच्या मागच्या काचेला चिकटवून ठेवा. मीठ असो, सोडा असो की औषध, सगळा हिशोब त्याच्यावरच होणार आहे.

२. आपला मासा मुळात काय खातो

गोल्डफिशला जठर नसतं. तोंडातून गेलेलं अन्न सरळ लांबलचक आतड्यात जातं, त्यामुळे दिवसभर थोडंथोडं चरत राहणं हाच त्याचा धर्म. भाजीपाला त्याला उत्तम मानवतो. बेट्टा, म्हणजे आपला फायटर, याच्या उलट. मूळचा कीटकखाऊ, आतडं आखूड. त्याला पालकाचं कौतुक नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी शेवाळही खातात आणि बारीक किडेही. टेट्रांचा ओढा किड्यांकडे असतो. कोरीडोरासना लोक टाकीचे सफाई कामगार समजतात, पण त्यांना तळाशी बुडणारं, प्रथिनं असलेलं खाणं लागतं. इतरांच्या उष्ट्यावर ती जगत नाहीत.

सकर या एकाच नावाखाली बरेच मासे विकले जातात. त्यातला लहान, नाकावर मिशांसारख्या फांद्या असलेला ब्रिसलनोज भाजीचा खरा शौकीन. पॅनाक जातीचे सकर लाकूड खरवडतात. आणि लहानपणी बोटभर दिसणारा साधा प्लेको वाढून फूटभर होतो, हे तो घरी आणल्यावरच बहुतेकांना कळतं.

तेव्हा आपल्या माशाचं नेमकं नाव शोधा. भाजीखाऊ असेल तर पायरी ३, कीटकखाऊ असेल तर पायरी ४ आणि ६ तुमच्या कामाच्या. टाकीत दोन्ही प्रकार असतील तर सगळंच वाचा.

३. पहिला प्रयोग काकडीचा

काकडीच का, याचं कारण आकड्यांत आहे. सोललेल्या कोळंबीचा ५ ग्रॅमचा तुकडा घ्या. त्यात साधारण १ ग्रॅम प्रथिन असतं आणि प्रथिनाच्या वजनातला सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजनचा. हा तुकडा दगडामागे अडकून पूर्ण कुजला, तर ५० लिटर पाण्यात ३ पीपीएमच्या वर अमोनिया सोडण्याइतका माल त्यात आहे. मुरलेला फिल्टर त्यातला बराचसा पचवेल, नवा फिल्टर पचवणार नाही. तेवढ्याच वजनाच्या काकडीत प्रथिन जवळजवळ तिसाव्या हिश्श्याने असतं, कारण काकडी म्हणजे ९५ टक्के पाणीच. पोषण फारसं नाही, पण नवख्याचा हात बसेपर्यंत चुकांना जागा देणारा पदार्थ याच्याइतका दुसरा नाही.

काकडी चोळून धुवा. सालीवर मेण किंवा फवारणी असेल अशी शंका आली तर सरळ सोला. अर्ध्या सेंटिमीटरची चकती कापा, मधला बियांचा गर काढून टाका, तोच आधी सुटून पाण्यात पसरतो. कच्ची काकडी तरंगते. ती बुडवायचे दोन मार्ग: उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून लगेच थंड पाण्यात टाकायची, किंवा स्टेनलेस स्टीलच्या काट्याला खोचून काट्यासकट तळाशी ठेवायची. तांब्या-पितळेचं किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं काही वापरू नका. तांबं माशांना त्रास देतं आणि कोळंबी-गोगलगायींना ठार करतं.

चकती दिवे मालवायच्या वेळी टाका. सकर आणि बरेचसे मिशाळ मासे अंधारातच खायला बाहेर पडतात. सकर एकदा चकतीवर बसला की तोंडाची वाटी टेकवून आतला मऊ भाग खरवडत गोल गोल सरकतो, आणि सकाळी काट्यावर फक्त हिरव्या सालीचं पातळ कडं उरतं. असं कडं दिसलं तर काकडी आवडली. चकती जशीच्या तशी असेल आणि तिच्यावर बुळबुळीत पांढुरकी साय आली असेल तर नाही आवडली. दोन्ही बाबतींत बारा तासांच्या आत जे काही उरलं असेल ते बाहेर. दोन-तीन दिवस थांबून पुन्हा द्या. अनोळखी खाणं मासे पहिल्यांदा तोंडात घेऊन थुंकून टाकतात, चौथ्या खेपेला त्यावरच तुटून पडतात. सुदृढ मोठा मासा काही दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही, त्यामुळे काळजीपोटी लगेच दाण्यांची मूठ टाकू नका.

काकडीनंतर झुकिनी, पालक, लेट्यूस, लाल भोपळा, गाजर, याच पद्धतीने. पालेभाजीला उकळत्या पाण्यात अर्धं मिनिट पुरतं. भोपळा आणि गाजर सुरी सहज आत जाईपर्यंत शिजवा. मीठ, तेल, मसाला काहीही नाही, आणि डबाबंद भाज्या नकोत कारण त्यांत मीठ असतंच.

मटाराचा मान वेगळा. मटार गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवा, बोटांनी दाबून साल काढा, आतली डाळ चुरून द्या. गोल्डफिशचं पोट फुगलं, शौचाला होत नाही, तोल जाऊन तो तिरका पोहतोय, अशा वेळी एक दिवस उपास आणि मग दोन-तीन दिवस मटार हा जुना उपाय आहे आणि बद्धकोष्ठता असेल तर लागूही पडतो. पण तोल जाण्याची कारणं अनेक आहेत. संसर्ग असू शकतो, खराब पाणी असू शकतं, आणि गोलमटोल जातींच्या गोल्डफिशमध्ये तर शरीराची ठेवणच आडवी येते. मटाराने तीन दिवसांत फरक पडला नाही तर मटार चालू ठेवण्यात अर्थ नाही. फायटरला मात्र मटार देऊच नका. त्याच्यासाठी तेच काम डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक कवचधारी जीव, करतात. त्यांचं कवच पचत नाही आणि चोथ्यासारखं पोट साफ करतं.

फळांबद्दल थोडक्यात: केळ्याची पातळ चकती कोळंब्यांना आणि सकरला आवडते, पण साखरेमुळे जिवाणू भराभर वाढून पाणी दुधाळ होतं. महिन्यातून एकदा, दोन तासांसाठी, बस्स. लिंबू-संत्र्याच्या जातीची फळं आणि कांदा नको. पाव आणि बिस्किटांचं तर नावच काढू नका. पिठूळ पदार्थ पाण्यात फुगतात, विस्कटतात आणि फिल्टरच्या स्पंजात जाऊन बसतात.

४. प्रथिनांचा खाऊ: इथे हात आखडता घ्या

वर कोळंबीचा हिशोब मांडला तो याचसाठी. कच्ची कोळंबी किंवा पांढऱ्या मांसाचा मासा बारीक चिरून, मोठ्या सिक्लिडना किंवा ऑस्करला, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकाच द्यायचा. चिरल्यावर गाळणीत धरून पाण्याखाली धुवा. तुकड्यांतून सुटणारा दुधाळ रसच पाणी सगळ्यात लवकर बिघडवतो.

दोन इशारे. शिकारी माशांना जिवंत गोल्डफिश खाऊ घालायची हौस अनेकांना असते. गोल्डफिशच्या मांसात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. रोजचा आहार तोच झाला तर खाणारा मासा हळूहळू आजारी पडतो. शिवाय अशा स्वस्त माशांबरोबर रोगराई फुकट येते. दुसरा इशारा गाय-बैलाच्या हृदयाबद्दल, जे डिस्कस पाळणारे वर्षानुवर्षं देत आले आहेत. त्याने वाढ होते हे खरं, पण चरबीचा कणन्‌कण काढून टाकलेला असला तरच. जमिनीवरच्या प्राण्यांची चरबी टाकीच्या तापमानाला घट्ट राहते आणि माशांच्या पचनाला ती झेपत नाही. कुत्र्या-मांजरांचं खाणं माशांना देऊ नये, त्यालाही हे एक कारण आहे.

उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक पिल्लांसाठी पूर्वीपासून वापरतात. वाटाण्याएवढा तुकडा मलमलच्या फडक्यात बांधून वाटीभर पाण्यात पिळायचा आणि त्या ढगाळ पाण्याचे काही थेंब द्यायचे. पिल्लं खातात, वाढतातही. पण बलकाइतकं पाणी नासवणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. रोज पाणी बदलायची तयारी नसेल तर पायरी ६ मधला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, बरा.

लसणाबद्दल खूप बोललं जातं. ठेचलेल्या लसणातलं अ‍ॅलिसिन आणि त्याचा उग्र वास यामुळे रुसलेला मासा खाण्याकडे वळतो, हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. अर्धी पाकळी ठेचून चमचाभर पाण्यात भिजवा, ते पाणी गाळून त्यात दाणे दहा मिनिटं मुरवा आणि द्या. लसूण थेट टाकीत टाकू नका. आणि अंगावर पांढरे ठिपके आलेत म्हणून निव्वळ लसणावर विसंबून राहिलात तर औषधाची वेळ निघून जाईल.

५. घरचा गोळा: सगळ्यात उपयोगी पाककृती

वेगवेगळं काही देण्यापेक्षा सगळं एकत्र करून वडी पाडली तर पाणी कमी बिघडतं आणि प्रत्येक माशाला थोडं थोडं सगळं मिळतं. काहीजण यासाठी जिलेटिन वापरतात. जिलेटिन तिशीच्या पुढच्या तापमानाला वितळायला लागतं, त्यामुळे कोमट पाण्याच्या टाकीत वडी सैल पडते. अगर-अगर, ज्याला चायना ग्रास म्हणतात, एकदा गोठलं की ८० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. तेच घ्या.

शिजवलेले सोललेले मटार, उकळलेला पालक आणि गाजर मिळून ६० ग्रॅम, आणि कच्ची कोळंबी किंवा मासा ४० ग्रॅम. गोल्डफिश आणि सकरसाठी भाजी वाढवा, सिक्लिडसाठी कोळंबी. मिक्सरमधून अगदी बारीक वाटा. शक्य असेल तर चमचाभर स्पिरुलिना पावडर घाला. हे वाटण फ्रिजमधलं थंडगार नको, कोमट हवं, कारण अगर ४० अंशांच्या खाली आलं की गोठायला लागतं आणि थंड वाटणात पडताच त्याच्या गाठी होतात.

दीडशे मिलिलिटर पाण्यात चहाचा एक चमचा भरून अगर पावडर ढवळा, उकळी आल्यावर दोन मिनिटं ढवळत राहा. गॅस बंद करून, बोट लावल्यावर सोसवेल इतकं निवलं की वाटणात ओता आणि भराभर ढवळा. जीवनसत्त्वाचे थेंब घालायचे असतील तर आत्ता, आधी नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. मिश्रण झिपच्या पिशवीत भरा, हवा काढा, आडवी ठेवून तीन-चार मिलिमीटर जाडीची पोळी होईल असं दाबा. अर्धवट गोठल्यावर सुरीच्या पाठीने पिशवीवरूनच चौकोनी रेघा पाडा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. मग हवा तेवढाच चौकोन मोडून काढता येतो. दोन महिने आरामात टिकतं.

पहिल्यांदा नखाएवढा तुकडा टाकून बघा. पाण्यात लगेच ढग सुटला तर अगर कमी पडलं किंवा वाटण जाडसर राहिलं. पुढच्या वेळी थोडं वाढवा. पाच मिनिटांत जे संपत नाही ते जास्त आहे.

६. जिवंत खाऊ

आर्टेमियाची अंडी सुकी मिळतात. बाटलीत एक लिटर पाणी, २५ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा अंडी, एअरपंपची नळी तळापर्यंत, वर उजेड, तापमान २६ ते २८ अंश. साधारण चोवीस तासांत पिल्लं बाहेर येतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी तपकिरी कवचं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं खाली बसतात. एका बाजूने टॉर्च धरला तर ती उजेडाकडे गोळा होतात आणि नळीने ओढायला सोपी जातात. बारीक कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा, लगेच द्या. अंगातला बलक संपत जातो तसतसं त्यांचं पोषणमूल्य उतरतं, त्यामुळे सकाळी काढलेली पिल्लं रात्री देण्यात मजा नाही. कवचं पाण्यात जाऊ देऊ नका, माशांच्या पिल्लांना ती पचत नाहीत.

डासांच्या अळ्या माशांच्या अत्यंत आवडीच्या, पण त्यासाठी घरात पाणी साठवून डास पैदा करू नका. सापडल्याच तर डबक्यातल्या पाण्यासकट टाकीत ओतू नका, गाळून धुऊन, मिनिटाभरात फस्त होतील तेवढ्याच द्या. ट्युबिफेक्स नावाचे बारीक किडे गाळात, बऱ्याचदा सांडपाण्यात वाढतात आणि रोगजंतू घेऊन येतात. गोठवलेले किंवा सुकवलेले घ्या. ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, हाताळताना काहींना खाज, शिंका, डोळ्यांतून पाणी असा त्रास होतो. तसं झालं तर हातमोजे घाला, किंवा तो खाऊच सोडा.

गांडूळ हा मोठ्या माशांसाठी उत्तम खाऊ आहे. खत-फवारणी नसलेल्या मातीतलं घ्या, दिवसभर ओल्या कागदात ठेवून पोटातली माती जाऊ द्या, धुवा, चिरा. खतासाठी पाळतात ती लालसर पट्ट्यांची गांडुळं मात्र टाळा. डिवचल्यावर ती पिवळट द्रव सोडतात. बहुतेक मासे त्या चवीनेच ती थुंकून टाकतात, आणि तो द्रव माशांना अपायकारकही आहे.

७. आता पाण्यात घालायच्या गोष्टी

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध हे एकच मिश्रण असं की जे जवळपास प्रत्येकाला लागतं. पाणी दिवसभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन वापरलं असेल तर ते तसं उडत नाही. बाकी सगळं ऐच्छिक आहे, आणि बहुतेकांना बहुतेक वेळा नको असतं.

देशी बदामाची पानं मला या यादीत सगळ्यात आवडतात. झाडावरून गळून तपकिरी झालेलीच घ्यायची, हिरवी नाही, आणि रहदारी किंवा फवारणीच्या जागेपासून दूर मिळालेली. धुऊन, गरम पाण्यात भिजवून टाकली की लवकर बुडतात. तीस-चाळीस लिटरला एक मध्यम पान पुरे. टॅनिन उतरून पाणी चहासारखं होतं. फायटर आणि बुटके सिक्लिड त्यात खुलतात. पान मऊ पडलं की त्यावर जिवाणूंचा पातळ थर धरतो आणि कोळंब्या दिवसभर तो वेचत बसतात, शेवटी शिरांची जाळी तेवढी उरते. पानाने पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, उतरतो असं सांगतात. तो उतरतो फक्त मऊ पाण्यात. केएच, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट, भरपूर असेल तर रंग बदलेल, पीएच तिथेच राहील. रंग नको झाला तर पान काढा आणि फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा.

मिठाचा वापर औषध म्हणून करा, रोजच्या सवयीने नाही. नायट्राइट वाढलं असेल तर मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही, आणि त्यासाठी लिटरला १ ग्रॅमसुद्धा भरपूर होतं. बाह्य परजीवींसाठी लिटरला ३ ग्रॅमपर्यंत नेतात, तेही एक-दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने, बाजूच्या बादलीत विरघळवून. ४५ लिटरला ३ ग्रॅमने १३५ ग्रॅम होतात, म्हणजे नवख्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त. म्हणूनच चमच्याने नाही, वजनकाट्यावर मोजा. कोरीडोरास, लोच आणि नाजूक वनस्पतींना हे मानवत नाही. आणि मीठ हवेत उडत नाही. पाणी आटलं की साधं पाणीच भरायचं. दहा लिटर पाणी बदललं तर त्या दहा लिटरपुरतंच मीठ परत घालायचं. हे विसरल्यामुळे महिन्याभरात पाणी नकळत खारट होत जातं.

एप्सम सॉल्ट ही वेगळी वस्तू, मॅग्नेशियम सल्फेट. पोट फुगलेल्या माशाला वेगळ्या टबात दहा लिटरला चहाचा एक सपाट चमचा या प्रमाणात देतात. नेहमीच्या मिठाच्या जागी ते किंवा त्याच्या जागी मीठ चालत नाही.

खाण्याचा सोडा केएच आणि पीएच वाढवतो. शंभर लिटरला ३ ग्रॅम सोड्याने केएच साधारण एक अंश चढतो. केएच शून्याला टेकून पीएच अचानक कोसळायची भीती असेल तर हे उपयोगी आहे. पण आधी अमोनिया तपासा. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात, एक तुलनेने निरुपद्रवी आणि एक जहाल. पीएच ७ चा ८ झाला की २५ अंशांच्या पाण्यात जहाल रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्यावरून पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे दहापट. अस्वच्छ टाकीत चांगल्या हेतूने टाकलेला सोडा एका रात्रीत मासे मारू शकतो तो असा. घाई नसेल तर फिल्टरमध्ये मूठभर कोरलचा चुरा किंवा समुद्रफेसाचा तुकडा ठेवा. पाणी आम्लधर्मी झालं की तो आपोआप थोडा थोडा विरघळतो आणि गोगलगायींना कवचासाठी कॅल्शियमही मिळतं. उकळून, आतला पातळ पापुद्रा काढून धुतलेलं अंड्याचं कवच हेच काम अधिक सावकाश करतं.

व्हिनेगरने किंवा लिंबाने पीएच उतरवायला जाऊ नका. केएच असेपर्यंत पीएच पुन्हा वर येतो, आणि हा वर-खाली झोकाच माशांना स्थिर पण थोड्या चुकीच्या पीएचपेक्षा जास्त बाधतो. व्हिनेगरचा खरा उपयोग टाकीबाहेर आहे. नव्या दगडावर दोन थेंब टाका. फसफसलं तर दगडात चुना आहे आणि तो पाणी जड करणार.

आणि ती दारू. समुद्री टाकीत व्होडका हे जिवाणूंसाठी कार्बनचं खाद्य. ते वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतात आणि प्रोटीन स्किमर त्यांना फेसासकट बाहेर काढतो. गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत स्किमर नसतो, त्यामुळे वाढलेले जिवाणू तिथेच राहून पाण्यातला प्राणवायू ओढतात. सल्ला अर्धाच पोचला की काय होतं, त्याचा हा नमुना.

यातलं काहीही करताना एका वेळी एकच गोष्ट, आणि दोन गोष्टींमध्ये किमान आठवडा. तारीख, काय, किती, हे वहीत लिहा. पान, मीठ आणि नवा खाऊ एकाच रविवारी सुरू केला आणि बुधवारी मासे सुस्त झाले, तर दोषी कोण हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

८. बिघडलंच तर

मासे वर येऊन हवा गिळत असतील, पर अंगाशी मिटून कोपऱ्यात बसले असतील, पाणी दुधाळ झालं असेल किंवा त्याला वास येत असेल, तर कारण शोधत बसू नका. आधी टाकलेलं काढा. दगडांच्या मागे आणि फिल्टरच्या तोंडाशी हमखास काहीतरी अडकलेलं असतं, टॉर्च घेऊन बघा. हवेचा पंप पूर्ण जोरात चालू करा. क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला. मग अमोनिया आणि नायट्राइट मोजा, आणि शून्य नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बदला.

या गडबडीत फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतील आणि अमोनिया आणखी चढेल. अगदीच तुंबला असेल तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. पाणी बिघडलंय म्हणून आणखी एखादं औषध ओतायचा मोह होईल, तोही टाळा. दोन दिवस खाणं बंद. तिसऱ्या दिवशी चिमूटभर नेहमीचे दाणे टाकून बघा. मासे झडप घालून खायला लागले आणि आकडे शून्यावर आले, तरी नवा खाऊ पुन्हा सुरू करायला दोन आठवडे जाऊ द्या, आणि सुरुवात निम्म्या मापाने करा.